अंतरपाट आधी की ‘सावधान’?

व्हीएचएस कॅसेटची फीत उलगडून टेबलावर सरळ पसरली, तर एका क्षणाचं चित्र आणि त्याच क्षणाचा आवाज तिच्यावर शेजारी शेजारी सापडत नाहीत. दोघांत सुमारे आठ सेंटिमीटर अंतर असतं. चित्र लिहिणारी हेडं व्हीसीआरमधल्या गरगर फिरणाऱ्या ड्रमवर बसवलेली असतात. आवाज लिहिणारं हेड फितीच्या वाटेवर ड्रमच्या पुढे, एका जागी ठाण मांडून बसलेलं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत फीत सेकंदाला साधारण २३.४ मिलिमीटर सरकते. तेव्हा आठ सेंटिमीटरांचा हिशेब तीन सेकंदांच्या थोडा वर जातो. फितीच्या ज्या तुकड्यावर नवरा-नवरीमधला अंतरपाट अजून ताणलेला आहे, त्याच तुकड्याच्या कडेला ‘सावधान’ होऊन बँड सुरूही झालेला असतो.

यंत्र ही गोष्ट कुणाला कळू देत नाही. फीत वाचतानाही हेडं एकमेकांपासून तितकीच लांब असल्याने लिहिताना पडलेली फट वाचताना बुजते आणि घरच्या टीव्हीवर लग्न वेळेवर लागतं. (हाय-फाय व्हीसीआर आवाजही ड्रमवरूनच लिहितो, पण लग्नाच्या शूटिंगला असले लाड क्वचितच परवडायचे.) एकाच वेळी दिसलं आणि ऐकू आलं असं आपण ज्याला म्हणतो, ते फितीवर मुळात वेगवेगळ्या ठिकाणी आहे. ते जुळवून देणारं कुणीतरी मध्ये असतं, आणि ते नीट काम करतंय तोवर त्याच्याकडे लक्ष जात नाही. कॅसेट संगणकावर घ्यायला बसलं की ते लक्षात येतं.

पनवेल तालुक्यात हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहिलेला नाही. नवी मुंबई विमानतळासाठी इथली दहा गावं उठली. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, वाघिवलीवाडा, वरचं ओवळे. उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. माणसं वडघर, करंजाड्याच्या बाजूला नव्या भूखंडांवर राहायला गेली. देवळंही नव्याने बांधली गेली. पण नव्वदच्या दशकात ज्या अंगणात मांडव पडला, ते अंगण, त्यामागची भातखाचरं आणि त्या अंगणात घुमलेला आवाज हे तिन्ही एकत्र पाहायचे तर कपाटात डांबरगोळ्यांशेजारी पडलेली ती काळी कॅसेटच काढावी लागते.

अशी एखादी कॅसेट समोर आहे असं धरून चालू. कोल्हीतलं, १९९४ सालातलं आगरी लग्न. हळदीच्या रात्री बेंजो वाजतोय, हॅलोजनच्या झगझगीत उजेडात बायका नवऱ्याला हळद लावतायत, आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर कुठेतरी बसून धवलारीण गातेय.

ही कॅसेट उतरवण्याची स्वस्त रीत ठरलेली आहे. व्हीसीआरची पिवळी पिन यूएसबीच्या कॅप्चर डोंगलला, आवाजाची पिन कधी त्याच डोंगलला, कधी थेट संगणकाच्या साउंड कार्डाला. दुसऱ्या रीतीत दोन घड्याळं कामाला लागतात. डोंगलमधला स्फटिक चित्राच्या चौकटींची वेळ धरतो, साउंड कार्डातला स्फटिक आवाजाचे नमुने मोजतो, सेकंदाला ४८,०००. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात, पण त्यांच्यात दहा लाखांत पन्नासाचा फरक सहज पडतो. तासाभरात तो ०.१८ सेकंद होतो, तीन तासांची कॅसेट संपेपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या वर जातो. हळदीला जुळलेले ओठ वरातीपर्यंत सुटलेले असतात.

दुसरं दुखणं याहून दांडगं. कोकणच्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते, पांढरट चट्टे पडतात. खराब जागा हेडाखाली आली की सिग्नल हेलकावतो आणि कॅप्चर कार्ड ती चौकट सोडून देतं. सेकंदाला पंचवीस चौकटी, तेव्हा एक गळाली की चित्र ४० मिलिसेकंद पुढे उडी मारतं. आवाज मात्र आपल्या चालीने चालत राहतो. पंचवीस चौकटी गळाल्या की तो पुरा सेकंदभर मागे पडतो. सुरुवातीपासून सारखाच फरक असेल तर आवाज सरकवून भागतं. हळूहळू वाढत जाणारा असेल तर ताणून किंवा आवळून भागतं. चौकटी गळाल्या असतील तर जिथे गळाल्या तिथेच कापून जुळवावं लागतं, आणि ती जागा शोधण्यात दुपार जाते. टाइम बेस करेक्टर नावाची पेटी मध्ये बसवली तर ती हेलकावे पोटात घेऊन संगणकाला स्थिर सिग्नल देते, पण चांगली पेटी महाग आणि दुर्मीळ.

आता खरी अडचण. व्हर्च्युअलडब नावाचा एक जुना, फुकट मिळणारा प्रोग्राम या कामाला अजून वापरला जातो. त्यात कॅप्चर सुरू करण्याआधी ठरवावं लागतं: चित्र प्रमाण मानून आवाजाने जुळवून घ्यायचं, की आवाज प्रमाण मानून चित्राने? तिसरा पर्याय आहे, काहीच जुळवू नका. बहुतेक जण पहिला पर्याय निवडतात आणि पुढे जातात. दिसतं ते खरं, ऐकू येतं ते त्याच्या सोबतीचं, ही समजूत इतकी अंगवळणी पडली आहे की तिथे काही निवडलं हेच ध्यानात येत नाही.

भारतीय दर्शनांत या प्रश्नाच्या पहिल्या भागावर चांगली खडाजंगी झालेली आहे. दिसणं आणि ऐकणं खरोखर एकाच वेळी होऊ शकतं का? गौतमाच्या न्यायसूत्रांचं उत्तर स्वच्छ नकाराचं आहे. डोळे, कान, नाक सगळे एकदम आपापल्या विषयाला भिडलेले असतात, तरी ज्ञानं एकदम होत नाहीत. मन नावाची वस्तू आहे याचा नैयायिकांना तोच पुरावा वाटतो. मन अणूएवढं, एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडलं जाणारं. यावर प्रतिपक्षाचा ठेवणीतला आक्षेप खाण्याचा आहे. लांबलचक कुरकुरीत शष्कुली खाताना तिचा रंग, वास, चव, खरखरीत स्पर्श आणि कुरकुर आवाज हे पाचही एकदम कळतात, त्याचं काय? नैयायिक कमळाच्या शंभर पाकळ्यांची चवड पुढे करतात. सुई आरपार गेली की सगळ्या एकदम भोसकल्यासारख्या वाटतात. प्रत्यक्षात एकीमागून एक. मन इतकं चपळ की क्रम ध्यानातच येत नाही. गरगर फिरवलेल्या कोलतीचं वर्तुळ दिसतं, तोही दाखला न्यायसूत्रांत आहे, आणि सेकंदाला पंचवीस चौकटींचं लग्न बघणाऱ्याला तो वेगळा समजावून सांगण्याची गरज पडू नये.

बौद्धांना हे पटलं नाही. आठव्या शतकातल्या शांतरक्षितांच्या तत्त्वसंग्रहात आणि त्यावरच्या कमलशीलांच्या टीकेत एक मैफलच उभी केलेली आहे. माणूस नर्तकीला बघतोय, तिचं गाणं ऐकतोय, तोंडात कापराचा स्वाद आहे, फुलांचा वास येतोय, पंख्याचा वारा लागतोय आणि बक्षीस म्हणून वस्त्र द्यावं असं मनात येतंय. सगळं एकदम. हा अनुभव स्पष्ट असताना मागे लपलेला क्रम कशाला मानायचा? त्यातला गमतीचा भाग असा की बौद्धांना खुद्द नर्तकी टिकाऊ वाटत नाही. ती क्षणोक्षणी नवी. टिकाऊ वस्तू नाही पण एकत्र अनुभव आहे, असं एका बाजूचं म्हणणं. वस्तू टिकाऊ आहे पण एकत्र अनुभव नाही, असं दुसऱ्या बाजूचं.

यंत्राच्या कारभाराकडे पाहिलं तर नैयायिकांची बाजू भक्कम दिसते. फितीवर खरोखरच आधी एक, मग दुसरं. माणसाच्या डोक्यातही कानाची वार्ता डोळ्याच्या वार्तेपेक्षा लवकर तयार होते. नुसत्या आवाजाला माणूस नुसत्या उजेडापेक्षा थोडा आधी प्रतिसाद देतो. बाहेरच्या जगात मात्र उलटं. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास चालतो, म्हणून मांडवात ३४ मीटर मागे बसलेल्या पाहुण्यापर्यंत ‘सावधान’ सेकंदाच्या दहाव्या भागाइतकं उशिरा पोचतं आणि तो तरीही वेळेवरच अक्षता टाकल्याच्या समाधानात असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली टीव्हीच्या प्रसारणासाठी जे आकडे दिले, त्यांत याचंच प्रतिबिंब आहे. आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला खटकू लागतं, मागे पडला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत चालून जातं. उशिरा येणाऱ्या आवाजाची सवय असते, आधी येणाऱ्याची नाही. ही सवयही पक्की नव्हे. जपानी संशोधकांनी २००४ साली दाखवलं की थोडा वेळ ठरावीक फरकाने उजेड आणि आवाज देत राहिलं, तर ‘एकदम’ कशाला म्हणायचं याची माणसाची रेघच त्या दिशेने सरकते. कॅसेट उतरवणारे याचा अनुभव रोज घेतात: बिघडलेली फाइल पुरेसा वेळ पाहिली की ती बरोबर वाटायला लागते. म्हणून उठून चहा घेऊन यायचं आणि मग निवाडा करायचा.

थोडक्यात, ‘एकाच वेळी’ ही गोष्ट कुठे तयार पडलेली नसते, कुणीतरी ती बांधतं. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात यापुढचं पाऊल टाकलेलं आहे. दोन क्षण कधी एकत्र नांदत नाहीत. घटका, मुहूर्त, दिवस-रात्र ही बुद्धीने केलेली जमवाजमव आहे. लग्नाच्या मुहूर्ताकडे या नजरेने पाहावं. जुन्या मोजणीत घटका २४ मिनिटांची आणि मुहूर्त ४८ मिनिटांचा, चांगला ऐसपैस. घंगाळातल्या पाण्यावर तळाला छिद्र असलेली वाटी सोडायची, ती भरून बुडाली की घटका भरली. या ऐसपैस काळातून एक टोकदार निमिष काढायचं काम भटजी, अंतरपाट धरणारे आणि वाजंत्री मिळून करतात. भटजी शेवटचं कडवं लांबवतात, कुणी मामा घड्याळाकडे बघत हात वर करतो, हात खाली आला की पाट दूर, अक्षता आणि बँड. मामाच्या हाताकडे बघणारा बँडवाला तेच करत असतो जे तीस वर्षांनी कॅप्चर करणारा कानाला हेडफोन लावून करतो. (कायद्याचं निमिष पुन्हा निराळं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार, जिथे विधीत सप्तपदी असते तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. तोवर पाहुणे पंगतीला बसलेले असतात.)

बांधायचं तर पुढाकार कुणाचा, हा प्रश्नाचा दुसरा भाग. तो कोल्हीच्या कॅसेटीत धारदार होतो.

आगरी लग्नात धवलारीण ही विधी चालवणारी बाई आहे. हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीचे धवले ती गाते, देवांना लग्नाला बोलावते, आणि कित्येक घरांत पूर्वी लग्न लागायचं ते तिच्याच गाण्याने, भटजीवाचून. परंपरा जुनी आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचले, आणि मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. धवलारणीचं गाणं ही मागे वाजणारी साथ नव्हे. गाणं पुढे सरकतं तसा विधी पुढे सरकतो. तिने कडवं सुरू केल्यावर हळदीचा हात पुढे होतो.

मीमांसकांच्या भाषेत सांगायचं तर इथे शब्द आधी, कर्म त्याच्या आज्ञेने. त्यांच्या मते शब्द नित्य आहे, उच्चाराने तो फक्त प्रकट होतो. नैयायिकांना तो उपजणारा आणि विरणारा वाटतो, पाण्यावरच्या लाटेसारखा एकातून दुसरा जन्म घेत कानापर्यंत येणारा. वेदाबाहेरचं, एका बाईने गायलेलं, लिहून न ठेवलेलं गाणं मीमांसकांनी या पंगतीत बसू दिलं नसतं हे उघड आहे. पण युक्तिवाद त्यांचा असला तरी तो धवलारणीला जास्त शोभतो.

तेव्हा व्हर्च्युअलडबच्या त्या चौकटीत या कॅसेटीसाठी दुसरा पर्याय रास्त ठरतो. आवाज जसा आहे तसा ठेवावा, जुळवून घ्यायचं ते चित्राने. आवाज ताणला तर सूर उतरतो, आवळला तर चढतो. दहा लाखांत पन्नासाचा फरक कुणाच्या कानाला कळणार नाही हे खरं, पण खराब फितीवर गळालेल्या चौकटींची भरपाई आवाजाच्या खात्यातून केली तर शब्दांचे तुकडे पडतात. चित्रातली एखादी चौकट दोनदा दिसली तर हळदीचा हात क्षणभर अडखळतो, एवढंच. एका गावचे धवले दुसऱ्या गावच्या धवल्यांहून वेगळे असतात, आणि गाणाऱ्या पिढीतल्या बायका कमी होत चालल्या आहेत. हाताची अडखळ सोसण्यासारखी आहे.

मात्र इथे एक पेच आहे, आणि तो सहज सुटत नाही. धवलारीण चौकटीत नाही. तिचे ओठ दिसत नाहीत, तर तिचा आवाज कशाशी जुळवायचा? शूटिंगवाल्याला टाळी किंवा नारळ फुटण्याचा क्षण मिळाला तर बरं; नाहीतर बेंजोवाल्याची बोटं, ढोलावर पडणारी टिपरी, बांगड्या भरलेला हात ताटावर आपटतो तो खळ्ळ आवाज. अशा साक्षी गोळा करून आवाजाची जागा ठरते. साक्षच नसेल त्या पट्ट्यात आवाज दोन सेकंद इकडेतिकडे असला तरी पाहणाऱ्याला काही खटकत नाही. डोळ्याने आवाजावर हक्क सांगितला तरच तो चुकू शकतो. हक्क किती जबर असतो ते १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी दाखवलं: कानावर ‘बा’ पाडला आणि ओठ ‘गा’चे दाखवले, तर बऱ्याच जणांना ‘दा’ ऐकू येतो. दोन्हींत नसलेला तिसराच.

आणखी एक व्यावहारिक विनोद. त्या काळच्या लग्नाच्या कॅसेटी ‘मिक्सिंग’ करून मिळत. विधींचा मूळ आवाज पुसून त्यावर हिंदी सिनेमाची गाणी चढवलेली असत, फार तर मंगलाष्टकं तेवढी मूळ. तिथे जुळवायला काही उरलेलंच नसतं, आणि घरच्यांना ते कॅसेट फाइलमध्ये उतरल्यावर समजतं.

आवाजाला मान देणारी एक व्यवस्था पनवेलहून लोकलने चार स्टेशनांवर आहे. सीबीडी बेलापूरला पारसिक टेकडीवर धम्म विपुल हे विपश्यना केंद्र आहे, इगतपुरीच्या धम्मगिरीच्या परंपरेतलं. आचार्य सत्यनारायण गोएंका २९ सप्टेंबर २०१३ रोजी गेले. दहा दिवसांची शिबिरं आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित सूचनांवर चालतात. ध्यानाच्या सूचना नुसत्या आवाजाच्या, संध्याकाळचं प्रवचन तेवढं व्हिडिओवर. दिवसभर डोळे मिटलेले असल्याने ओठांचा प्रश्न येतच नाही. अनित्यतेचा उपदेश जपून ठेवलेल्या मुद्रणातून देण्यात काहींना विसंगती दिसते, पण तशी ती फारशी नाही. आज ऐकणाऱ्यापुढे तो आवाज आज उपजतो आणि विरतो, नैयायिकांनी सांगितलं होतं तसाच.

दुसरं उदाहरण, रायगडातलं, वेगळ्या बाजूने बोलतं. रोह्याला जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांची प्रवचनं स्वाध्याय परिवाराच्या केंद्रांमध्ये व्हिडिओवर दाखवली जातात; ते २००३ साली गेले तरी. तिथे चेहरा हवा, हातवारे हवेत, वाक्याआधीचं थांबणं डोळ्यांना दिसायला हवं. बोलणाऱ्यावरचा विश्वास ऐकणारा त्याच्या ओठांवरून तपासत असतो. दोनशे मिलिसेकंदांनी सुटलेला आवाज तर्काचं काही बिघडवत नाही, पण बोलणारा माणूस बाहुला वाटायला लागतो आणि श्रोत्याचं मन उठतं. इथे चित्र प्रमाण मानणारा पर्यायच बरोबर. धवल्यांना एक न्याय आणि प्रवचनाला दुसरा, यात गैर काही नाही. कुणाचं कुणावाचून अडतं ते दोन्हीकडे वेगळं आहे.

राहता राहिलं मूळ कशाला म्हणायचं ते. समजूतदार माणूस दोन फाइली ठेवतो: एक जशी उतरली तशी, चुकांसकट, आणि दुसरी जुळवलेली. पहिली अवजड असते, काही न गमावणाऱ्या पद्धतीने घेतली तर तासाला तीस जीबीच्या आसपास. घरच्यांना ती नको असते, त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल एवढी हवी असते. पण जुळवलेली फाइल हा एका माणसाने एका दुपारी केलेला निवाडा आहे, आणि उद्या कुणाला कोल्हीचे धवले नीट ऐकून लिहून काढायचे झाले तर तो निवाडा उलगडता आला पाहिजे. कॅसेट पुन्हा लावू म्हणून चालणार नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ सालीच उत्पादन थांबवलं. चालू हेडाचा व्हीसीआर आता जुन्या बाजारात शोधावा लागतो, आणि मिळाला तरी आधी एखादी नको असलेली सिनेमाची कॅसेट त्यात घालून पाहतात. ती फीत न गुंतता बाहेर आली की मग हळदीची कॅसेट.